थंडीत कासव हलत नाही, खात नाही: ही झोप की आजार?

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: घरी चार वर्षांपासून लाल कानाचं कासव आहे, आता तळहाताएवढं झालंय. हॉलमध्ये प्लास्टिकच्या टबात असतं. डिसेंबरच्या मध्यापासून ते कोपऱ्यात पडून आहे, डोळे अर्धवट मिटलेले, खाणं बंद. दुकानदार म्हणतो, कासवं थंडीत झोपतातच, मार्चपर्यंत हात लावू नका. सासूबाई म्हणतात, हे आजारी आहे. कासव मुळातच सुस्त प्राणी, मग ओळखायचं कसं?

सासूबाईंचं ऐका, आणि आजच ऐका. तुमचं कासव झोपलेलं नाही, गारठलेलं आहे. ते आजारीही आहे का, हे त्याला नीट ऊब दिल्यानंतरच कळेल. दोन दिवस योग्य उबेत राहूनही ते हललं नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे घेऊन जा. मात्र ते तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, पोहताना एका बाजूला कलत असेल किंवा डोळे सुजून पूर्ण बंद झाले असतील, तर दोन दिवसही थांबू नका. वाटेत डबा उबदार ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सरपटणारे प्राणी तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि दर हिवाळ्यात हा प्रश्न येतो. दुकानदाराचं वाक्य बहुतेक घरांत पोचलेलं असतं, म्हणून ते चुकीचं का हे आधी सांगते.

आपल्या शरीरात उष्णता आतून तयार होते. आपण खातो त्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यातच खर्च होतो. कासव हा खर्च करत नाही. ते उष्णता बाहेरून घेतं, उन्हातून, तापलेल्या दगडातून, कोमट पाण्यातून. त्यामुळे त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर त्याचं भागतं. आपण ज्याला सुस्ती म्हणतो ती ही काटकसर आहे. तिच्यामुळेच कासव महिनोन्‌महिने उपास काढू शकतं आणि दीर्घायुषी होऊ शकतं. सेंट हेलेना बेटावरचा जोनाथन हा महाकाय कासव १८३२ च्या सुमारास जन्मला असावा असं मानतात. १८८२ मध्ये तो बेटावर आणला गेला, तेव्हाच पूर्ण वाढलेला होता.

या काटकसरीला एक अट आहे. शरीरातलं प्रत्येक काम बाहेरच्या तापमानावर चालतं. स्नायू, पचन, हृदयाचे ठोके, जंतूंशी लढणाऱ्या पेशी, सगळंच. तापमान उतरलं की सगळं एकदम मंदावतं. चूल मंद झालेली असते, विझलेली नसते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणून कासवाच्या बाबतीत "ते हलत नाही" ही अर्धीच माहिती असते. किती अंशांवर हलत नाही, हे कळल्याशिवाय मी त्यातून काहीच अर्थ काढत नाही. १८ अंशांवर निपचित पडलेलं कासव कदाचित फक्त गार असेल. २८ अंशांवर निपचित पडलेलं कासव आजारी आहे असंच मी धरून चालते. तुमच्या पत्रात बाकी सगळं आहे, पाण्याचं तापमान नाही. थर्मामीटर आणा, काचेच्या टाकीसाठी मिळणारा साधा चालतो.

आता झोपेबद्दल. हिवाळ्यात कासवं निष्क्रिय होतात हे खोटं नाही. लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. तिथे कडक थंडी पडते आणि ही कासवं तळ्याच्या तळाशी जाऊन बसतात. त्यांच्याच नात्यातली उत्तर अमेरिकेतली रंगीत कासवं तर बर्फाखालच्या पाण्यात ऑक्सिजनशिवाय काही महिने तग धरतात. ऑक्सिजन नसताना शरीरात साचणारं आम्ल त्यांचं कवच शोषून घेतं आणि कवचातले क्षार बाहेर सोडून रक्त सांभाळतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कवचाकडे नुसती ढाल म्हणून पाहणं सोडलं.

पण त्या झोपेची एक तयारी असते. थंडी हळूहळू वाढते, कासव आपणहून खाणं बंद करतं, पोटातलं अन्न पुरतं पचून बाहेर जातं, आणि मग पाणी १० अंशांच्या खाली जाऊन तिथेच महिने दोन महिने टिकतं. एवढ्या थंडीत शरीराचा खर्च जवळजवळ थांबतो. कासवाच्या पोटात कुजायला काही उरलेलं नसतं आणि बहुतेक जंतूही मंदावलेले असतात.

तुमच्या हॉलमध्ये यातलं काय आहे? नाशिकला जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, निफाडकडे काही वर्षी ५ च्याही खाली जातो, पण दुपारी छान ऊन असतं. बंद हॉलमधलं टबाचं पाणी साधारण १७ ते २० अंशांत घुटमळतं. फरशी गार आणि उथळ पाण्याचं बाष्पीभवन होत असतं, म्हणून ते खोलीच्या हवेपेक्षाही थोडं गारच असतं. हे तापमान सगळ्यांत वाईट. झोपायला ते जास्त गरम आणि जगायला जास्त गार. शरीराचा खर्च चालू राहतो, भूक मात्र लागत नाही. शेवटी खाल्लेलं अन्न आतड्यात अडकून सडायला लागतं. रोगप्रतिकारशक्ती पडलेली असते आणि त्या कोमटशा पाण्यातले जंतू मजेत वाढतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून मार्चपर्यंत असंच सोडलेलं कासव फेब्रुवारीत न्यूमोनिया घेऊन येतं. दवाखान्यात सगळ्यांत जास्त दिसणारी गोष्ट हीच.

महाराष्ट्रातल्या घरात पाळलेल्या लाल कानाच्या कासवाला हिवाळी झोपेची अजिबात गरज नसते. वर्षभर उबेत राहिलं तर त्याचं काहीही बिघडत नाही.

आता काय करायचं ते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न. हा क्रम उलटला तर नुकसान होतं. न खाणाऱ्या कासवाच्या तोंडात माया म्हणून काहीतरी कोंबलं जातं, पण गार पोटात ते पचत नाही, सडतं. कासव गरम होऊन हालचाल करू लागेपर्यंत खायला देऊच नका. चार आठवडे उपाशी असलेल्याला आणखी दोन दिवसांनी काही होत नाही.

ऊब देताना घाई नको. गरम पाणी ओतून एकदम तापमान वाढवू नका. टाकीत ठेवायचा, थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान आपोआप राखणारी सोय) असलेला हीटर मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. साधारण लिटरला एक वॅट असा हिशोब धरा, म्हणजे ५० लिटर पाण्याला ५० वॅटचा. पाणी आता १८ अंशांवर असेल तर दिवसभरात टप्प्याटप्प्याने २६ ते २८ पर्यंत न्या. हीटरची नळी काचेची असते आणि कासव तिच्यावर आपटतं, म्हणून भोवती प्लास्टिकची जाळी हवीच. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे घरातल्या मुलांनाही शिकवा. कासव फार अशक्त असेल तर पाणी इतकंच ठेवा की पाय टेकून नाक बाहेर राहील. गळून गेलेलं कासव खोल पाण्यात बुडू शकतं. पाण्यात राहतं म्हणून ते बुडणार नाही, असं नसतं.

पाण्याबाहेर त्याला पूर्ण कोरडं होता येईल अशी जागा लागते, आणि तिथे वरून उष्णता हवी. इथे हल्ली एक अडचण होते. घरोघरी एलईडी दिवे आहेत, ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. जुना पिवळा तारेचा बल्ब किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा उष्णतेचा बल्ब लावा, आणि कासवाच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून ३० ते ३२ अंश येतील इतक्या अंतरावर टांगा. दिवसा १० ते १२ तास चालू, रात्री बंद.

नाशिकचं हिवाळ्यातलं सकाळचं ऊन तर औषधच आहे. नऊ ते अकराच्या दरम्यान अर्धा तास टब गॅलरीत न्या, अर्ध्या भागावर सावली ठेवा म्हणजे नको तेव्हा ते बाजूला सरकेल. कावळे, घारी आणि मांजरांवर लक्ष ठेवा. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही, कारण ड जीवनसत्त्व बनवायला लागणारे यूव्ही-बी किरण काच अडवते. आणि हीच सवय एप्रिलमध्ये चालू ठेवू नका. उन्हाळ्यात गच्चीत विसरलेल्या टबाचं पाणी बघता बघता तापतं, आणि तापलेल्या कासवाला वाचवणं गारठलेल्याला वाचवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा काढा आणि आजचं वजन लिहून ठेवा, पुढे दर आठवड्याला त्याच दिवशी. चालण्या-बसण्यावरून कासवाचं काही कळत नाही, वजनावरून कळतं. आधीच्या वजनाच्या दहा टक्के घटलं असेल तर दुसरं काहीही दिसत नसलं तरी डॉक्टर गाठा.

दोन दिवसांनी कासव २८ अंशांच्या पाण्यात असताना चार गोष्टी बघा. डोळे उघडून तुमच्याकडे वळतं का? मागचा पाय हलकेच ओढला तर जोराने आत घेतं का? मान उचलून धरतं का? सरळ तरंगतं का? चारही होत असेल तर अन्न द्यायला सुरुवात करा, अगदी थोडं. कासवांसाठीच्या चांगल्या गोळ्या, मेथी किंवा माठाची पानं, गाजराचा किंवा लाल भोपळ्याचा कीस. पोळी, भात, ब्रेड, दूध काही नको. नुसती वाळलेली कोळंबी हेही अन्न नाही. लहानपणापासून त्यावरच वाढलेल्या कासवांत अ जीवनसत्त्व कमी पडतं, पापण्या सुजतात, डोळे मिटतात, आणि न दिसणारं कासव खात नाही. घरी वाटतं झोपलंय. माणसांच्या कॅप्सूल फोडून घालू नका. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कातडी सोलवटते.

ऊब देऊनही जे उठत नाही, त्यात मला बहुधा न्यूमोनिया दिसतो. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून वरच्या बाजूला असतात. बरगड्या कवचात जोडल्या गेलेल्या असल्यामुळे छाती फुगत नाही. पोटातल्या आणि पायांच्या स्नायूंच्या हालचालीवर श्वास चालतो. छाती आणि पोटामध्ये आपल्याला असतो तसा श्वासपटलाचा स्नायू त्याला नाही, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. एका फुप्फुसात पाणी साचलं की ती बाजू जड होते आणि कासव कलून पोहतं. हे दिसलं की दोन दिवसांचा प्रयोग करायचा नाही.

कवच बोटाने दाबल्यावर दबत असेल तर कॅल्शियम आणि ऊन कमी पडलंय. ही कमतरता एका थंडीतली नसते, काही महिन्यांची किंवा वर्षांची असते. आणि मादी असेल तर अंडी अडकलेली असू शकतात. नर कधीही सोबत नसला तरी मादी अंडी धरते. आधी बेचैन होऊन पायांनी उकरत राहते, मग एकदम शांत होते. ही शांतता आलेली मादी एक्स-रेशिवाय घरी पाठवू नये असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टरकडे जाताना एक गोष्ट लक्षात ठेवा, आणि गरज पडली तर नम्रपणे विचाराही. कुत्र्या-गुरांना जंत आणि गोचिडांसाठी सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला देऊ नये. त्याने लकवा होऊन कासव मरतं. इंजेक्शन शक्यतो शरीराच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या पायांकडचं रक्त आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं. उपचार सुरू झाले की पालकांची खरी परीक्षा सुरू होते. काही प्रतिजैविकं कासवाला तीन दिवसांतून एकदाच देतात, कारण शरीर ती इतक्या सावकाश बाहेर टाकतं. सुधारणाही त्याच चालीने होते. एका आठवड्यात फरक नाही म्हणून दवाखाना बदलू नका. उपचार चालू असताना ऊब कमी झाली तर मात्र औषधाचा उपयोगच होत नाही.

"गेलं वाटतं" या प्रसंगाबद्दलही सांगायला हवं, कारण त्यात जिवंत कासवं पुरली जातात. गारठलेल्या कासवाचा श्वास मिनिटांच्या अंतराने चालतो, ठोका हाताला लागत नाही, पाय लोंबतात. माणसाचे निकष इथे लागू पडत नाहीत. उलट, खरोखर मेलेल्या कासवाचंही हृदय पुढे कितीतरी वेळ धडधडत राहू शकतं. त्यामुळे आम्हीसुद्धा डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) लावून, आधी ऊब देऊन, वेळ जाऊ दिल्याशिवाय मृत ठरवत नाही. डोळे खोल गेले आहेत, वास सुटलाय, अंग ताठरून पुन्हा सैल पडलंय, यांपैकी काही नसेल तर पुरू नका. कोमट जागी ठेवा आणि दाखवायला आणा.

तुमच्या प्रश्नातल्या "मुळातच सुस्त" या शब्दांकडे येते. देवळाच्या सभामंडपातलं दगडी कासव पाहत आपण मोठे झालो, त्यामुळे निश्चल कासव हेच आपल्याला खरं कासव वाटतं. निरोगी लाल कानाचं कासव पाहून लोक चकित होतात. ते झपकन पाण्यात उडी मारतं, खाण्यासाठी धडपडतं, माणूस दिसला की पोहत काचेला येतं. दगडावर मान ताणून, पाय पसरून तासन्‌तास बसतं तेव्हाही त्याचं काम चालू असतं. त्या उन्हात अन्न पचतं, ड जीवनसत्त्व बनतं, कवच वाळून बुरशी दूर राहते. जमिनीवरच्या चांदणी कासवाचंही तसंच. गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेकडच्या कोरड्या झुडपी रानांत ते सकाळ-संध्याकाळ चरतं आणि दुपारी झुडपाच्या मुळाशी थांबतं. पावसाळ्यात मात्र दिवसभर हिंडतं. किती थांबायचं आणि कधी निघायचं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आपण त्याच्यापुढे दगडही ठेवत नाही आणि ऊनही नाही, मग ते काय करणार?

या संथपणाची किंमत रानातल्या प्राण्यांना फार मोठी द्यावी लागते, आणि ते मला सलतं. पळू न शकणारा, न चावणारा, पिशवीत मुकाट राहणारा प्राणी पकडायला सोपा. मांडूळ, खवले मांजर, चांदणी कासव, तस्करीत सारखी येणारी ही नावं बघा. सगळे संथ, सगळे गरीब. मांडुळाने गुप्तधन सापडतं, वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो, असल्या थापांवर आपल्याच जिल्ह्यांत व्यवहार होतात. चांदणी कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून सर्वांत कडक बंदी आहे. ते आणि आपल्या नद्या-विहिरींतली देशी कासवं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. घरभरणीसाठी म्हणा, भाग्यासाठी म्हणा, ती घरी ठेवणं गुन्हा आहे. कोणाकडे असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आधी कुठेतरी नेऊन सोडून देऊ नका. दुसऱ्या प्रदेशातलं, कदाचित आजारी कासव भलत्या रानात सोडण्याने ना त्याचं भलं होतं ना तिथल्या कासवांचं.

तुमच्या कासवालाही हे लागू आहे. पुढच्या काही वर्षांत ते वीस सेंटिमीटरच्या पुढे जाईल, मादी असेल तर अधिकच. आणि वीस-तीस वर्षं जगेल. टब पुरेनासा झाला की बरेच लोक ते गोदावरीत किंवा जवळच्या तळ्यात सोडतात. लाल कानाचं कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींत मोजलं जातं. ते देशी कासवांची उन्हाची जागा आणि खाणं बळकावतं. त्यामुळे उबेची सोय करतानाच मोठ्या टाकीचाही विचार करा. मोठ्या पाण्याचं तापमान रात्रीतून कमी हलतं, म्हणून थंडीतही तिचा फायदाच होतो.

आज संध्याकाळी हीटर आणि थर्मामीटर आणा, वजन करा, आणि परवा सकाळी चार खुणा तपासून मला पाण्याचं तापमान आणि वजन कळवा. घरात लहान मुलं असतील तर कासवाला किंवा टबाला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायला लावा, निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.